मुंबईचा मामा

मुंबईचा मामा डोंबिवलीला राहतो. विरारला, बदलापूरला किंवा पनवेललाही त्याची वस्ती आढळते. पण गावाकडच्या बहिणीच्या हिशेबी तो मुंबईतच असतो, आणि त्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो अशी भाच्यांची समजूत असते. मामा ती मोडत नाही. मुलं वर्गात ‘मुंबईला मामाकडे चाललोय’ असं सांगून आलेली असतात, आणि भाच्यांची अब्रू ती मामाची अब्रू. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधले वाळत घातलेले टॉवेल दिसतात हे खरं. पण समुद्र काही पळून जात नाही. लोकलनं सव्वा तासावर आहे. नेऊन दाखवला की झालं.

आमच्या मजल्यावर असा एक मामा आहे. फोर्टातल्या एका कचेरीत हयात घालवून तो निवृत्त झाला. तोवर त्याला सगळे आडनावानं ओळखत. आता वॉचमनपासून चेअरमनपर्यंत अख्खी सोसायटी मामा म्हणते, कारण दर मे महिन्यात त्याच्या दाराबाहेर लहान मापाच्या चपलांचा ढीग पडतो. छत्रपती संभाजीनगरहून बहीण, दाजी आणि मुलं तपोवन एक्स्प्रेसनं कल्याणला उतरतात. दाजी शाळेचे मुख्याध्यापक. मुलं तीन: थोरली, मधला आणि धाकटा. मामा-मामी धरून मोठी माणसं चार होतात, तरी निघताना मामा माझं दार वाजवतोच. “हिच्या हातात डबा, बहिणीच्या हातात पदर, माझ्या हातात छत्री आणि दाजींचे हात मागे बांधलेले,” तो हिशेब सांगतो. “मुलांना धरणार कोण? तुम्ही मोकळेच आहात.” असा मी ‘मोकळा हात’ म्हणून या दौऱ्यांत भरती झालो.

मामाची खरी विद्वत्ता बंद दारांविषयी आहे. मुंबईत बघण्यासारखं काय, हे कुणीही सांगेल. कुठल्या वारी कुठे कुलूप असतं, हे मामाला विचारावं. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, वरळीचं तारांगण बंद. बुधवारी राणीची बाग बंद, तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. रविवारी सगळं उघडं, पण मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. म्हणजे मुंबई उघडी आणि जायची वाट बंद. “आठवड्याचे वार सात,” मामा म्हणतो, “त्यातले मुंबईला लागू पडणारे चार.” रविवारी तो पाहुण्यांना फडके रोडवर फिरवून आणतो, गणपतीला नमस्कार घडवतो आणि हाही दिवस मुंबई-दर्शनातच धरतो. पाहुणे काही बोलत नाहीत. जेवण त्याच्याकडे असतं.

दौऱ्याच्या आदल्या रात्री हॉलमध्ये कवायत होते. सोफा म्हणजे प्लॅटफॉर्म आणि बाल्कनीचं दार म्हणजे डब्याचं दार. नियम पहिला: चढताना मामी पुढे, मुलं मधे, दाजी शेवटी, दारात कुणी थांबायचं नाही, आत सरकायचं. नियम दुसरा: जो हरवेल त्यानं हलायचं नाही. जिथे आहे तिथेच उभं राहायचं, बाकीचे शोधत येतील. “दोघंही शोधायला निघाले,” मामा बोट उगारून बजावतो, “की चुकामूक जन्मभर.” नियम तिसरा: गाडी साडेदहानंतरची आणि परत निघणं पाचच्या आत. पाचच्या आत नाही जमलं, तर मग आठनंतर. मधल्या तीन तासांत मुलांना लोकलमध्ये घालणाऱ्या माणसाला मामा माणूस म्हणत नाही.

शेवटी तो बॉलपेन काढतो आणि प्रत्येक मुलाच्या मनगटावर आपला मोबाइल नंबर लिहितो. मुलांचं झालं की तो दाजींकडे वळतो. दाजींनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या रांगा लावलेल्या. त्यांना हे अपमानास्पद वाटतं. पण मामा ऐकत नाही. “अहो दाजी, मुलं रडतात तरी. मोठा माणूस हरवला तर कुणाला कळतसुद्धा नाही.” दाजी मुकाट्यानं हात पुढे करतात.

तिकिटाच्या खिडकीवर मामाचं दुसरं रूप दिसतं. रेल्वेत पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत मूल फुकट, पुढे बारापर्यंत अर्धं तिकीट. धाकटा मामाच्या लेखी गेली दोन वर्षं पावणेपाचचा आहे. त्याला तसं पढवूनही ठेवलेलं असतं. एकदा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर टीसीनं खरंच विचारलं, “बाळ, किती वर्षांचा तू?” धाकटा छाती काढून म्हणाला, “मला सहा पूर्ण झाली. पण मामाकडे आलो की पावणेपाच असतात.” मामा छत्री उघडून मिटू लागला. तेवढ्यात दाजींनी खिशातून अर्धं तिकीट काढून टीसीच्या हातावर ठेवलं. ते त्यांनी डोंबिवलीलाच गुपचूप काढलं होतं. मुख्याध्यापकाची सवय. मामा पुढे दिवसभर त्या तिकिटाविषयी बोलला नाही, पण भेळ दोघांत एक घेतली.

स्टेशनाबाहेर आल्याबरोबर मामा मुलांना टॅक्सीकडे जाऊ देत नाही. आधी मान वर करायला लावतो. दरवाज्याच्या एका खांबावर सिंह बसलेला, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे हिंदुस्थान. “आता भिंतीवर आणखी प्राणी शोधा,” असं सांगून तो घड्याळ लावतो. मुलं दगडातली माकडं, मोर शोधत राहतात, आणि मामा दाजींना इतिहास ऐकवतो. ही इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. २००४ मध्ये जागतिक वारशात गेली. आणि इमारत नव्हती तेव्हाही जागा हीच, बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ ला इथून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे आणि चारशे माणसं.

मधल्याचं गणित चांगलं आहे. त्यानं लगेच भागाकार केला. “म्हणजे एका डब्यात अठ्ठावीस-एकोणतीस?”

“हो.”

“सगळ्यांना बसायला मिळालं असेल?”

“मिळालं असेल रे,” मामा म्हणाला. देवळात शिरल्यावर निघतो तसा आवाज.

तिथून गेट वे ऑफ इंडिया. इथे मामाचा एक ठरलेला विनोद आहे. १९११ साली राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले, तेव्हा ही कमान नव्हतीच. त्यांना पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली. पायाचा दगड १९१३ चा आणि दगडी कमान खुली झाली १९२४ साली. “राजाला पुठ्ठ्याचं दाखवलं,” मामा कमरेवर हात ठेवून म्हणतो, “तुम्हाला दगडाचं दाखवतोय.” हा विनोद झाला की तो एक दम खातो. कुणी हसलं नाही तर मामी हसते. ती ठरल्याप्रमाणे हसते.

घारापुरीची बोट तासभर घेते. बोटीला वरचा मजला असतो आणि तिथे बसायचे वेगळे पैसे पडतात. मुलं जिन्याकडे धावतात, मामीही हळूच दोन पायऱ्या चढते, आणि मामा सगळ्यांना खाली बोलावतो. “खालून समुद्र जवळ दिसतो,” हे त्याचं शास्त्र. मग तासभर तो उभ्यानं धावतं वर्णन करतो: ती नौदलाची बोट, ते तेलाचं जहाज, ती मागे राहिली ती ताजमहाल हॉटेलची इमारत, ती गेट वेच्या आधीची, १९०३ ची. बोटीतले परके लोकही हळूहळू त्याच्याकडे तोंड करून बसतात. एका गुजराती कुटुंबानं तर उतरताना त्याला विचारलं, तुमचे किती द्यायचे? मामानं नको म्हटलं. पण पुढे वर्षभर ही गोष्ट सोसायटीत सांगितली.

जेटीपासून पायऱ्यांपर्यंत छोटी आगगाडी धावते. मामा पायी चालायच्या बाजूचा आहे. पण त्या गाडीपुढे त्याचं काही चालत नाही. तो सगळ्यात आधी चढतो आणि म्हणतो, “मुलांसाठी.” पुढे शंभरावर पायऱ्या, दुतर्फा दुकानं आणि वर माकडं. माकडांविषयी मामाचे आदेश कडक: हातात बाटली नको, पिशवी नको, खाणं नको. आदेश देताना त्याच्या स्वतःच्या काखेत चिवड्याची पिशवी होती. त्यातला चिवडा माकडानं निवडून, शेंगदाणे आधी, असा खाल्ला. मुलांना घारापुरीतलं हे सगळ्यात आवडलं.

खरा सामना आत होतो. समोर वीसेक फूट उंच त्रिमूर्ती, मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा. मुलंही क्षणभर गप्प होतात. मामा कडेकडेनं दाजींचा चेहरा न्याहाळतो. दाजी हात मागे बांधून उभे.

“चांगलं आहे,” दाजी म्हणतात. “पण आमच्या कैलासापुढे...”

हे वाक्य दरवर्षी येतं. वेरूळच्या माणसाला लेणी दाखवणं म्हणजे काय असतं, ते मामालाच ठाऊक. एका डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं आख्खं देऊळ ज्याच्या घरापासून तासाभरावर आहे, त्याला तुम्ही काय दाखवणार? त्यावर मामानं बऱ्याच अभ्यासानं उत्तर शोधून काढलं आहे. “वेरूळला लेणी किती, दाजी?”

“चौतीस.”

“बोरिवलीला कान्हेरीला किती माहितीय? एकशे नऊ. तेही शहराच्या आत. बिबट्यासकट.”

“लेणी मोजायची असतात होय?” दाजी विचारतात. “मग आमच्या शाळेत खोल्या पुष्कळ आहेत.”

बहीण आणि मामी एव्हाना सावलीत बसून डबा सोडतात. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी. धाकटा मात्र अस्वस्थ. या बेटाला गोरे लोक हत्तीचं नाव देतात असं मामानं बोटीत सांगितलेलं, आणि इथे तर हत्तीच नाही. “हत्ती राणीच्या बागेत आहे,” मामा म्हणतो, आणि गोष्ट रंगवतो. बेटावर दगडाचा मोठा हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी नाव ठेवलं. इंग्रजांनी १८६४ साली तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलायला क्रेन लावली, तर क्रेनच मोडली आणि हत्ती पडून फुटला. तुकडे जोडून पुन्हा उभा केलेला तो हत्ती आता भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे. “त्यालासुद्धा मुंबई सोडवली नाही,” मामा समारोप करतो. असा तो एका दिवसाची खुंटी दुसऱ्या दिवसात ठोकून ठेवतो. आता राणीची बाग कुणाला टाळता येणार?

मधेच मामाला न दाखवता येणाऱ्या मुंबईचा उमाळा येतो. टॅक्सी मरीन ड्राइव्हवरून जाताना तो तारापोरवाला मत्स्यालयाकडे हात करतो. १९५१ चं. कोरोनापासून बंद. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं, २०२२ ला मिटलं. लाल डबल डेकर १९३७ पासून धावत होती. जुनी शेवटची गाडी २०२३ च्या सप्टेंबरात निघाली. त्याआधी काही महिने विजेवरची वातानुकूलित डबल डेकर आली होती, पण मामाचा जीव तिच्यात रमत नाही. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या खिडकीशी बसून तो सांगतो की जुन्या गाडीत वारा तोंडावर यायचा. ती पुढची सीट मिळवण्यासाठी त्यानं मधल्याला कोपरानं बाजूला सारलेलं असतं.

मत्स्यालय बंद म्हटल्यावर धाकट्यानं भोकाड पसरलं. मामा शब्दाला पक्का. मासे म्हणजे मासे. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं त्यानं सगळ्यांना ससून डॉकला नेलं. १८७५ चा हा धक्का. अंधारातच बोटी लागतात, टोपल्या उतरतात, कोळणी लिलावाला उभ्या राहतात. पापलेट, सुरमई, बोंबील, कोळंबीचे ढीग, पायाखाली बर्फाचं पाणी, आणि वास असा की बहिणीनं पदराचा तिसरा पदर केला. मामा सराईतासारखा सांगत होता: हा हलवा, हा रावस, ही मुडदुशी. धाकट्यानं सगळं नीट पाहून घेतलं आणि विचारलं, “हे पोहत का नाहीत?”

“दमलेत,” मामा म्हणाला.

मामीनं तेवढ्यात पापलेटांचा भाव केला होता. त्या दिवशीचं मुंबई-दर्शन साडेनऊला डोंबिवलीत संपलं आणि दुपारी बाराला ताटात उतरलं. दाजींची वर्षातली सगळ्यात मनापासूनची दाद त्या जेवणाला मिळाली.

राणीच्या बागेत कौटुंबिक तिकीट मिळतं: आईबाप आणि दोन मुलं. खिडकीसमोर मामानं थोरली आणि धाकटा बहीण-दाजींच्या नावे लावले, आणि मधल्याला घेऊन मामा-मामीचं दुसरं कुटुंब उभं केलं. त्यात एक मूल कमी पडत होतं. त्यानं माझ्याकडे फार आशेनं पाहिलं. मी माझे पांढरे केस दाखवले.

ही बाग १८६२ ची. इतकी जुनी झाडं मुंबईत फार थोड्या जागी उरलीत, हे मामा सांगतो. ऐकतं कुणी नाही, कारण सगळे पेंग्विनकडे पळत असतात. हे हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, २०१६ मध्ये सोलहून विमानानं भायखळ्याला उतरले. काचेआड त्यांच्यासाठी सोळा ते अठरा अंशांचा गारवा राखलेला, आणि तो गारवा बघणाऱ्यांच्याही वाट्याला येतो. मे महिन्याच्या दुपारी भायखळ्यात अंगाला गार वारा लागणं काय असतं, हे ज्याचं त्यानं अनुभवावं. रक्षक “पुढे चला, पुढे चला” करत राहतो. मामा पुढे जातो, बाहेर पडतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. “मुलांचं मन भरलं नाही,” तो सांगतो. मुलं तेव्हा बाहेर बर्फाचा गोळा खात होती.

वाघाच्या काचेपाशी गर्दी होती. मामानं धाकट्याला खांद्यावर घेतलं, दाजींना पुढे सारलं आणि मोठ्या उत्साहात सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात थोरलीनं मोबाइलवरून वाचून दाखवलं की २०२० मध्ये इथे वाघांची जी जोडी आणली, ती सिद्धार्थ उद्यानातून. म्हणजे छत्रपती संभाजीनगरहून. दाजींच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं.

दाजी प्रथमच मनमोकळं हसले. “म्हणजे आमचेच वाघ बघायला आम्ही सहा तास गाडीत बसून आलो. मामा, काय दाखवायलेत तुम्ही आम्हाला?”

मामा गडबडला; पण क्षणभरच. “त्यांना इथे पिल्लू झालं,” तो म्हणाला. “आईबाप तुमच्याकडचे, पोर मुंबईची. मामाकडची.” यावर दाजींकडे उत्तर नव्हतं. मी त्या दिवशी मामाला मनातल्या मनात वाकून नमस्कार केला.

शेवटचा दिवस समुद्राचा. तो मामा मुद्दाम शेवटी ठेवतो. लेण्यांत वेरूळ जिंकतं, वाघ घरचे निघतात, पण समुद्रापुढे मराठवाड्यातल्या माणसाचं काही चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सुरुवात मलबार हिलवर हँगिंग गार्डनपासून. झुडपं कापून केलेले प्राणी बघत दाजी हिरवळीवर आले, तेव्हा मामा सहज म्हणाला, “या बागेखाली पाण्याचा जलाशय आहे. दक्षिण मुंबईला पाणी इथून जातं. त्यावर झाकण म्हणून ही बाग केली.” दाजी जागच्या जागी थबकले. त्यांच्याकडे नळाला पाणी कोणत्या वारी येणार यावर घरातल्या धुण्याचा, पाहुण्यांचा आणि लग्नाच्या तारखांचा निर्णय होतो. त्यांनी खाली बघितलं, आणि देवाच्या पाटावर चुकून पाय पडावा तसा हिरवळीवरचा पाय उचलून बाजूला घेतला. मामानं ते पाहिलं. इतक्या वर्षांच्या लढाईतला त्याचा पहिला निर्विवाद विजय एका झाकणावर झाला.

पलीकडच्या कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट आहे. बूट मुलांसाठी. मोठ्यांनी बाहेर उभं राहून वरच्या खिडकीतून डोकावणाऱ्या पोराला हात करायचा. मामा बुटाच्या दाराशी रेंगाळला. आत वाकून बघितलं. “धाकट्याला भीती वाटेल एकट्याला,” तो म्हणाला. धाकटा तेव्हा वरून ओरडत होता की मामा, तू लांब हो, दारात उजेड अडतोय.

संध्याकाळी गिरगाव चौपाटी. समुद्राचा नियम एकच: पाणी गुडघ्यापर्यंत.

“कुणाच्या गुडघ्यापर्यंत?” मधल्यानं विचारलं.

“धाकट्याच्या.”

मामा भरतीची वेळ सकाळीच पेपरात बघून ठेवतो. लाट आली की मुलं किंचाळत मागे, गेली की पुढे. दाजी आधी बूट काढायला तयार नव्हते. मग बूट निघाले, मग मोजे, मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली गेली. पाण्यात उभे राहून ते क्षितिजाकडे बघत राहिले. कैलास नाही, वेरूळ नाही, काही बोलणं नाही. “एवढं पाणी,” ते एकदाच म्हणाले, “आणि सगळं खारं.”

आम्ही भेळेच्या गाड्यांकडे वळलो. थोरली माझ्या हाताला, मधला मामाच्या, धाकटा मामीच्या. मुलं तीनही मोजली, भेळ सांगितली. तेवढ्यात बहिणीनं विचारलं, “अहो, हे कुठेत?”

दाजी नव्हते. फोन लावला, तर तो तिच्याच पर्समध्ये वाजला. मामाचा चेहरा उतरला. छत्री टाकून तो पाण्याच्या दिशेनं धावला, त्याच्यामागे आम्ही. आणि पाहतो तर दाजी होते तिथेच उभे. भरती चढत चालली होती. पाणी दुमडलेल्या पँटच्या वर गेलेलं, दोन्ही हातांत एकेक बूट, आणि येणारी प्रत्येक लाट छातीपर्यंत उडत होती. पण पाय हलवलेला नाही.

“दाजी, अहो, बाहेर नाही का यायचं!”

“नियम दुसरा,” दाजी शांतपणे म्हणाले. “हरवलेल्यानं हलायचं नाही. मी वळून बघितलं तर तुम्ही कुणीच नाही. म्हणजे हरवलोच.” मग त्यांनी मनगट पुढे केलं. बॉलपेनचा नंबर अर्धा धुऊन गेला होता. “आणि याची शाई बदला.”

भेळ त्या दिवशी प्रत्येकाला एक मिळाली.

परतीच्या गाडीत, आठनंतरच्या, मुलं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. मी मामाला विचारलं, फोर्टात हयात गेली तुमची. दुपारच्या सुट्टीत गेट वेवर जात असाल रोज? त्यानं माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. दुपारी डबा असायचा. सकाळी मस्टर. संध्याकाळी पाच अठ्ठावन्नची. वाघ-सिंहांच्या मधून तो रोज धावत गेला, पण त्यांना वर मान करून पाहिलं ते थोरली चालायला लागली तेव्हा, तिला दाखवताना. पेंग्विन धाकट्यामुळे बघितले. घारापुरीची बोट त्यानं पहिल्यांदा धरली तीही पाहुण्यांसाठीच. “मोठ्या माणसानं एकट्यानं काय जायचं राणीच्या बागेत?” तो म्हणाला. “वॉचमन विचारेल, तुमचं मूल कुठाय?”

मग मला तो नीट दिसला. मुंबईचा माणूस मुंबईत फक्त जातो आणि येतो. बघायची मुभा त्याला पाहुणे देतात. भाच्यांच्या अर्ध्या तिकिटावर हा मामा दर मे महिन्यात मुंबई बघून घेतो, त्यांच्या नावावर पुढच्या सीटवर बसतो, त्यांच्या नावावर गार काचेपुढे दोनदा उभा राहतो. बदल्यात नियम करतो, डबा उचलतो, तिकिटाचे पैसे वाचवतो. सौदा तसा दोन्हीकडून बरा आहे. यात एक मामीच राहून जाते. तिच्या वाट्याला ना भाच्यांचा हट्ट, ना मामाचा.

पाहुणे गेले, चपलांचा ढीग हलला. घरात एक मोजा सापडला, तो धुऊन ठेवला गेला. मे संपत आला होता. एकदा पावसाळी वारं सुटलं की घारापुरीच्या बोटी थांबतात, हे मामीनंही ऐकून ऐकून पाठ केलेलं. मी पेपर परत द्यायला गेलो होतो, तेव्हा ती चहा देता देता म्हणाली, “अहो, बोटी बंद व्हायच्या आत एकदा जाऊन येऊ या घारापुरीला. शनिवारी. वरच्या मजल्यावर बसू.”

मामानं कपातून तोंड वर केलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग दाराबाहेरच्या रिकाम्या जागेकडे.

“का?” तो म्हणाला. “कोण येणार आहे?”